जखम उघडी ठेवावी कीं झांकावी?

लहानशी शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या टेबलावर पंधरावीस मिनिटांत आटोपते. परंतु तिचा उरलेला कारभार पुढें पंधरा दिवस घरांत चालतो. पाठीवरील मेदाची गांठ काढली, मानेवरचा संशयास्पद तीळ कापून तपासणीला पाठविला, नखुरडें झालेल्या अंगठ्याचें नख काढलें किंवा गळूं फोडून आंतला पू वाहूं दिला, कीं रोगी आपल्या पायांनीं चालत घरीं येतो. घरीं आल्यावर मात्र त्या दोन बोटांच्या पांढऱ्या पट्टीवरून एक परिषदच भरते. आजी म्हणतात, “वर हळद दाबा, जखम लवकर सुकेल.” शेजारचे अण्णा म्हणतात, “पट्टी काढून टाका, वारा लागूं द्या. झांकलेली जखम चिघळते.” कंपाउंडरानें रोज पट्टी बदलून वर पूड टाकावयास सांगितलेलें असतें, आणि संध्याकाळीं समाचाराला आलेला भाचा खिशांतून एक महागडें मलम काढतो. प्रत्येकाचा सल्ला आपुलकीचा असतो. प्रत्येकापाशीं त्याच उपायानें बरा झालेला एखादा माणूस दाखल्यासाठीं तयार असतो. ज्याच्या पाठीवर जखम आहे त्याला मात्र ती दिसतहि नसल्यामुळें त्याचें मत कोणी विचारीत नाहीं.

या दाखल्यांतच खरी फसगत आहे. लहान व स्वच्छ जखम निरोगी माणसाच्या शरीरावर बहुधा कोणत्याहि उपायानें बरी होते. पुष्कळदां तर उपायाला न जुमानतां बरी होते. मग श्रेय हळदीला मिळतें, वाऱ्याला मिळतें किंवा मलमाला मिळतें. तें शरीराला मात्र कोणी देत नाहीं. एका उपायाची दुसऱ्याशीं खरी तुलना करावयाची, तर सारख्या जखमांचे शेंकडों रोगी घ्यावे लागतात, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडावे लागतात, आणि दोन्ही गटांचा हिशेब अखेरपर्यंत प्रामाणिकपणें ठेवावा लागतो. असे हिशेब गेल्या कांहीं दशकांत झाले असून त्यांतून निघालेले निष्कर्ष घरांतील या परिषदेला उपयोगी पडण्यासारखे आहेत. प्रश्न लहान दिसला तरी क्षुल्लक नाहीं. पट्टीच्या हयगयीमुळें टांके उसवतात, पू धरतो, कायमचा जाड वण राहतो. आणि रोगी मधुमेही असला तर अंगठ्याच्या नखापासून सुरू झालेलें दुखणें अंगठाच गमावण्यापर्यंत जाऊं शकतें.

पट्टीचें काम काय, हें कळण्यासाठीं जखमेचें काम कसें चालतें तें पाहिलें पाहिजे. कातडी कापली जातांच रक्ताची गुठळी होऊन वाहत्या शिरांचीं तोंडें बंद होतात. त्यानंतरचे दोनतीन दिवस शरीराची साफसफाई चालते. रक्तांतील पांढऱ्या पेशी जखमेंत उतरतात, जंतु व मृत पेशी गिळून टाकतात. त्यामुळें जखमेच्या कडा किंचित् लाल, उबदार व सुजलेल्या दिसतात. इतकी लाली म्हणजे रोग नव्हे. ती कामावर आलेल्या मजुरांची वर्दळ होय. मग नवे तंतु विणले जाऊं लागतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आणि कडांवरील त्वचेच्या पेशी सरकत सरकत मोकळ्या जागेवर नवें पांघरूण घालतात. अखेरीस कित्येक महिने हा कच्चा सांधा पक्का होत राहतो. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस सांध्याचें बळ मूळ कातडीच्या सुमारें एकपंचमांश असतें. तीन महिन्यांनीं तें सुमारें ८० टक्क्यांपर्यंत येतें, आणि त्यापुढें फारसें वाढत नाहीं. टांके निघाल्यावर दुसऱ्याच दिवशीं पाण्याची घागर उचलणाऱ्याची जखम कां उसवते, याचें उत्तर या आंकड्यांत आहे.

जखमांचे येथें दोन वर्ग करावे लागतात, आणि सारा घोटाळा बहुधा हे वर्ग न केल्यामुळेंच होतो. पहिला वर्ग टांके घालून मिटविलेल्या जखमांचा. गांठ किंवा तीळ काढल्यावर कडा एकमेकींना भिडवून शिवल्या जातात. मधलें अंतर केंसाइतकेंहि राहत नसल्यामुळें त्वचेच्या पेशी तें २४ ते ४८ तासांत ओलांडतात, आणि बाहेरच्या जंतूंना दार बंद होतें. दुसरा वर्ग उघड्या जखमांचा. फोडलेलें गळूं, काढलेल्या नखाची जागा, खरवडलेली चामखीळ किंवा कातडीचा पातळ पापुद्रा दुसरीकडे लावण्यासाठीं जेथून घेतला ती जागा, या जखमा शिवतां येत नाहींत. त्या तळापासून व कडांपासून हळूहळू भरून याव्या लागतात. पहिल्या वर्गाच्या जखमेला पट्टीची गरज थोडी आणि थोडेच दिवस असते; दुसऱ्या वर्गाच्या जखमेंत पट्टी हाच उपचाराचा मोठा भाग होय. अण्णांचा सल्ला ज्याच्यासाठीं ठीक, त्याच्या शेजाऱ्यासाठीं तो घातक ठरूं शकतो, याचें कारण हेंच.

जखमा बांधण्याची कला या देशांत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेंत व्रणावरील साठ उपक्रम सांगितले असून शरीराच्या निरनिराळ्या भागांसाठीं पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार वर्णिले आहेत. न बांधलेल्या व्रणाला डांस, धूळ, गवताची काडी, थंडी, वारा व ऊन यांचा उपद्रव होतो आणि त्यावरील लेप वाळून जातो, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. कांहीं व्रण मात्र बांधूं नयेत, अशीहि तेथें सूचना आहे. त्याहून लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी, कीं शस्त्रकर्मानंतर बांधलेली पट्टी तिसऱ्या दिवशीं सोडावी, उतावळेपणानें दुसऱ्या दिवशीं सोडूं नये, असें सुश्रुत सांगतो. कारण तसें केल्यास व्रण गांठाळतो, उशिरा भरतो आणि वेदनाहि तीव्र होतात. रोजच्या रोज पट्टी उकलून आंत डोकावण्याच्या हौसेवर इतकी जुनी आणि इतकी नेमकी टीका दुसरीकडे क्वचितच सांपडेल.

युरोपांत जंतूंची ओळख पटल्यावर पट्टीकडे पाहण्याची दृष्टि पालटली. १८६५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ग्लासगो येथील रुग्णालयांत जेम्स ग्रीनलीस नांवाचा ११ वर्षांचा मुलगा आला. गाडीचें चाक पायावरून जाऊन हाड मोडलें होतें आणि कातडी फाटली होती. अशा जखमा त्या काळीं सडत, आणि पाय कापावा लागे. जोसेफ लिस्टर यांनीं कार्बॉलिक अम्लांत भिजविलेलें कापड त्या जखमेवर ठेवलें. चार दिवसांनीं पट्टी सोडली तेव्हां जखमेंत पू नव्हता. सहा आठवड्यांनीं हाड सांधलें आणि मुलगा पायांवर उभा राहिला. १८६७ सालीं लिस्टरनीं आपले अनुभव प्रसिद्ध केले, आणि जखमेवर जंतुनाशक औषध ओतणें हा शल्यविद्येचा नियमच होऊन बसला.

परंतु या नियमाला दुसरी बाजू होती. जें औषध जंतु मारतें तें जखम भरणाऱ्या पेशींनाहि मारतें. पहिल्या महायुद्धांत अलेक्झांडर फ्लेमिंग फ्रान्समधील लष्करी रुग्णालयांत काम करीत असतां त्यांनीं कांचेच्या नळीला टोंकदार फांटे काढून एक कृत्रिम जखम बनविली. तिच्यांत जंतु सोडून वरून जंतुनाशक ओतलें, तरी फांट्यांच्या टोंकांतले जंतु जिवंत राहतात, असें त्यांनीं दाखवून दिलें. उलट औषध जेथें पोंचतें तेथील पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचें स्वतःचें सैन्य, आधीं मरतात. आजहि पुष्कळ घरांत रोज सकाळीं टांक्यांवर टिंक्चर आयोडीन किंवा फेस येणारें हायड्रोजन पेरॉक्साइड ओततात, आणि फेस आला म्हणजे ‘घाण निघाली’ असें समाधान मानतात. तो फेस घाणीचा पुरावा नव्हे. रक्तांत व पेशींत एक द्रव्य असतें, त्याच्या स्पर्शानें पेरॉक्साइड फुटून प्राणवायु सुटतो. अगदीं स्वच्छ रक्तावरहि तो फेस येईल. मर्क्युरोक्रोम हें जुनें ‘लाल औषध’ पाऱ्याचें आहे. १९९८ सालीं अमेरिकेच्या औषधनियामक खात्यानें तें निर्धोक मानण्यास नकार दिला. भरत असलेल्या स्वच्छ जखमेला रोजच्या जंतुनाशकाची गरज नाहीं. जखम धुण्यासाठीं पिण्याजोगें नळाचें पाणी किंवा उकळून निवविलेलें पाणी पुरतें. अशा पाण्यानें धुतल्यामुळें जंतुबाधा वाढते, असें तुलनेंत आढळलेलें नाहीं.

आतां वाऱ्याचा प्रश्न. जखम सुकली म्हणजे बरी झाली, ही समजूत इतकी रूढ आहे कीं ‘सुकणें’ हाच शब्द बरें होण्यासाठीं वापरला जातो. १९६२ सालीं जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकानें ‘नेचर’ या साप्ताहिकांत एक लहानसा लेख लिहून तिला मोठा धक्का दिला. त्यानें डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या. कांहीं उघड्या ठेवल्या आणि कांहींवर पॉलिथिनचा पारदर्शक पापुद्रा बसविला. झांकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांच्या सुमारें दुप्पट वेगानें आली. पुढच्याच वर्षीं माणसांवरील प्रयोगांत तसाच अनुभव आला. कारण साधें आहे. उघड्या जखमेवरील लस वाळून खपली धरते, आणि खपलीखालचा थरहि कोरडा पडतो. नव्या पेशींना त्या कोरड्या थराखालून बीळ खणीत जावें लागतें. ओलसर पृष्ठभागावरून त्या सरळ सरकत जातात. शेतकरी पेरणीला ओल पाहतो. जखमेची पेरणीहि ओलींतच होते.

ओल म्हणजे चिखल मात्र नव्हे. जखमेंतून फार लस वाहत असेल आणि ती पट्टींत सांचून राहिली, तर भोंवतालची निरोगी कातडी पांढरी व लिबलिबीत होते आणि जंतूंना घर मिळतें. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत घामानें भिजलेली, कडेनें सुटलेली पट्टी तशीच ठेवणें हें उघडेपणाहूनहि वाईट. अण्णांच्या सल्ल्यांतला खरा अंश तो हाच: घाणेरड्या, ओथंबलेल्या पट्टीपेक्षां उघडी जखम बरी, परंतु स्वच्छ, नीट बसविलेल्या पट्टीपेक्षां मात्र उघडी जखम बरी नव्हे.

आतां पट्ट्यांचे प्रकार एकमेकांशेजारीं मांडून पाहण्यास हरकत नाहीं.

सर्वांत जुनी व स्वस्त ती कोरड्या जाळीच्या कापडाची, म्हणजे गॉजची पट्टी. ती लस व रक्त टिपून घेते, कोठेंहि मिळते, आणि टांक्यांच्या जखमेवर पहिले दोन दिवस ती अगदीं पुरेशी आहे. उघड्या जखमेवर मात्र तिचा एक मोठा दोष दिसतो. लस वाळली कीं कापडाचे धागे जखमेंत रुततात आणि पट्टी ओढतांना नुकतीच आलेली कोंवळी कातडीहि धाग्यांबरोबर निघून येते. रोगी कळवळतो तो उगाच नव्हे. कालचें सारें विणकाम त्या क्षणीं उसवलेलें असतें. अशी पट्टी चिकटलीच तर ओढूं नये. कोमट, स्वच्छ पाण्यानें भिजवून पांचदहा मिनिटें थांबावें.

हा दोष टाळण्यासाठीं व्हॅसलीनसारख्या स्निग्ध पदार्थांत माखलेली जाळी आली. चलच्चित्रांच्या शोधामुळें प्रसिद्धीस आलेल्या ल्यूमिएर बंधूंपैकीं ऑग्यूस्त ल्यूमिएर यांनीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत तिचा पुरस्कार केला. नख काढलेल्या जागेवर किंवा खरवडलेल्या कातडीवर ही जाळी व तिच्यावर टिपण्यासाठीं कोरडा गॉज, ही जोडी आजहि उत्तम काम देते. तथापि दोनतीन दिवसांत तिचा स्निग्धपणा सुकला तर तीहि चिकटते.

तिसरा प्रकार पारदर्शक पापुद्र्याचा. तो पाणी आंत येऊं देत नाहीं, वाफ मात्र बाहेर जाऊं देतो. पट्टी न काढतां जखम दिसते आणि स्नानहि करतां येतें. थोड्या लसेच्या उथळ जखमेला तो सोयीचा. लस अधिक असली तर त्याच्याखालीं तळें सांचतें. चौथा प्रकार हायड्रोकोलॉइडचा, म्हणजे लस शोषून आंतल्या आंत मऊ लगदा होणाऱ्या चिकट पट्टीचा. ती कांहीं दिवस तशीच ठेवतां येते. ती काढतांना पिवळट, वास येणारा लगदा दिसून घरचीं माणसें घाबरतात. तो पट्टीचाच असतो, पू नव्हे. पांचवा प्रकार समुद्रशेवाळापासून काढलेल्या तंतूंचा. फार लस वाहणाऱ्या किंवा खोल जखमेला तो कामीं येतो, आणि कोरड्या जखमेवर वाया जातो.

इतकी नवी सामग्री पाहून खिशांत पैसा असलेल्या गृहस्थाला वाटतें, कीं महागांतली पट्टी ती चांगली पट्टी. टांके घातलेल्या जखमेपुरतें तरी हें खरें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुबाधेविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या. टांक्यांनीं मिटविलेल्या जखमेवर साध्या पट्टीऐवजीं विशेष प्रकारच्या पट्ट्या वापरून बाधा टळते असा भरंवशाचा पुरावा नाहीं, म्हणून साधीच पट्टी वापरावी, असा तींत अभिप्राय आहे. महागड्या पट्टीचा पैसा वेदना, श्रम व वारंवारची उघडझांक वांचविण्यासाठीं उघड्या जखमेवर खर्च झाला तर तो सार्थकीं लागतो. शिवलेल्या जखमेवर तो बहुधा केवळ खर्चच होतो.

‘टांक्यांना पाणी लागूं देऊं नका’ हें वाक्य प्रत्येक घरांत ऐकूं येतें, आणि त्यापायीं उन्हाळ्यांत आठआठ दिवस स्नानावांचून राहिलेले रोगी पाहण्यांत येतात. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांताच्या उष्ण व दमट भागांत घरगुती डॉक्टरांनीं ८५७ रोग्यांवर याची तुलना केली. ती २००६ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध झाली. एका गटानें जखम ४८ तास कोरडी व झांकलेली ठेवली. दुसऱ्यानें त्या मुदतींतच पट्टी काढून नेहमींप्रमाणें स्नान केलें. भिजविणाऱ्यांत ८.४ टक्के आणि कोरडें ठेवणाऱ्यांत ८.९ टक्के लोकांना जंतुबाधा झाली. म्हणजे भेद जवळजवळ शून्य. यावरून विहिरींत किंवा नदींत पोहावयास जाण्याची मोकळीक मिळाली, असा अर्थ कोणी घेऊं नये. स्वच्छ वाहतें पाणी, थोडा वेळ, आणि नंतर स्वच्छ पंचानें न चोळतां हलकेच टिपणें, एवढीच ती मोकळीक. डॉक्टरांनीं विशेष कारणानें वेगळें सांगितलें असल्यास अर्थात् त्यांचेंच ऐकावें.

राहिलें भाच्याचें मलम. १९९६ सालीं अमेरिकेंत कातडीच्या लहान शस्त्रक्रिया झालेल्या ९२२ रोग्यांची अशीच तुलना प्रसिद्ध झाली. कांहींना साधें पांढरें पेट्रोलेटम, म्हणजे व्हॅसलीनच्या जातीचें द्रव्य दिलें. कांहींना बॅसिट्रॅसिन हें जंतुनाशक मलम दिलें. पहिल्या गटांत २ टक्के व दुसऱ्यांत ०.९ टक्के बाधा दिसली. हा फरक योगायोगानें पडण्याइतका लहान ठरला. मलमाच्या गटांत चौघांना त्या औषधाचीच ॲलर्जी होऊन कातडीला खाज व पुरळ आलें; साध्या द्रव्यानें तें एकालाहि झालें नाहीं. दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. क्वीन्सलंडांतल्याच ९७२ रोग्यांवर २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शिवलेल्या जखमेवर क्लोरॅम्फेनिकॉलचें मलम एकदांच लावलें असतां बाधा ११ टक्क्यांवरून ६.६ टक्क्यांवर आली. म्हणजे बाधेचा धोका मुळांतच अधिक असेल तेथें डॉक्टरांच्या हातून एकवार लावलेलें औषध उपयोगी पडूं शकतें. परंतु घरोघरीं, दिवसांतून तीनदां, मिळेल तें मलम फांसण्याला या प्रयोगाचा आधार नाहीं. जंतु औषधाला सरावतात, आणि मग खऱ्या गरजेच्या वेळीं तें औषध निकामी ठरतें.

आजींच्या हळदीचा निकाल असा एका वाक्यांत लावणें अन्यायाचें होईल. हळदींत दाह कमी करणारीं द्रव्यें आहेत, आणि त्यांवर संशोधन चालू आहे. पण डब्यांतली हळद म्हणजे प्रयोगशाळेंतलें द्रव्य नव्हे. ती शेतांतून, गिरणींतून व बाजारांतून आलेली, मातीचा अंश असलेली पूड असते. मातींत व शेणांत धनुर्वाताचे जंतु बीजरूपानें वर्षानुवर्षें टिकून राहतात. ताज्या टांक्यांवर तशी पूड दाबणें म्हणजे डॉक्टरांनीं निर्जंतुक हातांनीं बंद केलेलें दार पुन्हां उघडणें होय. शिवाय तिच्या पिवळ्या रंगाखालीं जखमेची लाली दिसेनाशी होते, आणि बिघाड वेळेवर कळत नाहीं. चुना तर कातडी भाजणारा. त्याचें नांवहि काढूं नये. हळदीनें दुधांतच रहावें. जखमेवर तिचें काम नाहीं.

घरगुती वस्तूंकडे शास्त्रानें तुच्छतेनें पाहिलें असें मात्र नव्हे. मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयांतील डॉ. केसवानी यांनीं भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून तिची माहिती १९८५ सालीं प्रसिद्ध केली. त्याच शहरांतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांतील शल्यवैद्यांनीं केळीच्या पानाची पट्टी तयार करून, कातडीचा पापुद्रा काढलेल्या जागेवर व्हॅसलीनच्या जाळीशीं तिची तुलना केली. २००३ सालीं तिचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. केळीचें पान गुळगुळीत व मेणचट. तें जखमेला चिकटत नाहीं, ओल धरून ठेवतें, आणि काढतांना रोग्याला फारच थोडें दुखतें. ज्या पानावर पंगत बसते तें पान रुग्णालयांत येऊन उभें राहिलें. परंतु बटाट्याची साल काय किंवा केळीचें पान काय, तीं आधीं वाफेनें निर्जंतुक केलीं जात. मधाचेंहि तसेंच. पू झालेल्या शस्त्रक्रियेच्या जखमा मधानें जंतुनाशक व गॉजपेक्षां लवकर भरतात, असें तुलनेंत दिसलें आहे. मात्र वैद्यकी उपयोगाचा मध किरणांनीं निर्जंतुक केलेला असतो, स्वयंपाकघरांतल्या बाटलींतला नव्हे. वस्तु घरची कीं कारखान्याची हा प्रश्नच नाहीं. ती स्वच्छ आहे काय आणि तुलनेच्या कसाला उतरली आहे काय, हा प्रश्न आहे.

या साऱ्याचें सार घरच्या व्यवहारापुरतें थोडक्यांत मांडतां येईल. शिवलेल्या जखमेवरची डॉक्टरांनीं बांधलेली पट्टी पहिले एकदोन दिवस, भिजली किंवा रक्तानें भरली नाहीं तर, सोडूं नये. त्यानंतर कडा मिटलेल्या असतात. पातळ पट्टी ठेवली तरी चालेल, न ठेवली तरी चालेल. कपडा घांसत असेल तर ठेवावी. चेहऱ्यावरचे टांके साधारणपणें पांचव्या दिवसाच्या सुमारास निघतात, डोक्यावरचे आठवड्यानें, आणि पाठीवरचे व हातापायांवरचे दहा ते चौदा दिवसांनीं. ते घरीं कात्रीनें काढण्याचें धाडस करूं नये. उघडी जखम झांकलेली व ओलसर ठेवावी, आणि पट्टी भिजेल तशी बदलावी, घड्याळाच्या ठोक्याबरोबर नव्हे. पट्टीला हात लावण्यापूर्वीं व नंतर साबणानें हात धुणें, या एका गोष्टीची बरोबरी कोणतेंहि मलम करूं शकत नाहीं. धनुर्वाताची लस केव्हां घेतली होती तें शस्त्रक्रियेच्या दिवशींच डॉक्टरांना सांगावें. रोग्यानें तंबाखू व विडी दूर ठेवावी, कारण धुरानें बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेचा रक्तपुरवठा तुटतो. डाळ, दूध, अंडीं यांतलें सत्त्व मात्र नव्या तंतूंना लागतें, म्हणून ‘जखम आहे, पथ्य पाळा’ असें म्हणून त्याला उपाशी ठेवूं नये.

धोक्याच्या खुणाहि घरांतील एका तरी माणसाला पाठ असाव्या. स्वच्छ जखमेचें दुखणें दिवसागणिक उतरत जातें. तिसऱ्या दिवसानंतर तें चढूं लागलें, तर कांहीं बिघडलें आहे असें समजावें. लाली कडांपलीकडे पसरत जाणें, जखम तापणें व टणक होणें, दाट किंवा दुर्गंधीचा स्राव येणें, ताप भरणें, आणि जखमेपासून वर लाल रेघ चढत जाणें, यांपैकीं एकहि खूण दिसली तर पट्टी कोणती बांधावी याची चर्चा तेथेंच थांबवून रोग्याला डॉक्टरांकडे न्यावें. मधुमेह्याच्या पायावरील जखमेला तर ही वाटहि पाहूं नये. त्याच्या पायाची संवेदना पुष्कळदां बोथट झालेली असते. दुखत नाहीं म्हणून सारें ठीक आहे, हा त्याच्या बाबतींत सर्वांत महाग पडणारा भ्रम होय.

अशा रीतीनें परिषदेंतील प्रत्येकाच्या पदरीं थोडेंथोडें सत्य आणि थोडाथोडा दोष येतो. आजींची काळजी खरी, पण हळद डब्यांतच बरी. अण्णांचा वारा दोन दिवसांनंतरच्या शिवलेल्या जखमेला चालेल. उघड्या जखमेला तो वाळवून टाकील. कंपाउंडराची रोजची उकल सुश्रुतालाहि मान्य झाली नसती. भाच्याच्या मलमाला क्वचित् काम असतें, पण तें डॉक्टरांच्या सांगण्यावरून. बाकी जें करावयाचें तें शरीरच करीत असतें, तेंहि अंधारांत, ओलींत आणि गाजावाजा न करतां. पट्टीनें त्याच्या वाटेंतले अडथळे दूर ठेवावे; आणि घरच्या माणसांनीं धुतलेल्या हातांनीं त्या पट्टीला शक्य तितकें कमी उघडावें.